वऱ्हाडातील दोन जुनी गावे

एकाच गावाला किती नावे असावीत? अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन या नद्यांच्या काठी एक जुने गाव आहे. आज आपण त्याला अचलपूर म्हणतो. तुमच्या घरातील वडीलधारी माणसे कदाचित अजूनही 'एलिचपूर' म्हणत असतील. इंग्रजांच्या काळात एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हाच होता. १९०५ साली तो अमरावती जिल्ह्यात मिळवला गेला. त्याआधीचे पाहायचे तर 'लीळाचरित्र' या मराठीतील पहिल्या मोठ्या गद्य ग्रंथात हे गाव 'अळजपूर' आहे. तेराव्या शतकातील हा ग्रंथ लिहिला गेला रिद्धपूरला, म्हणजे अमरावती जिल्ह्यातच.

अचलपूरचे एलिचपूर कसे झाले? लोक सांगतात, येथे एल नावाचा राजा होता, त्याच्यावरून एलिचपूर. कथा चांगली आहे. पण याहून गमतीदार पुरावा एका व्याकरणात सापडतो. बाराव्या शतकात गुजरातमध्ये हेमचंद्र नावाचे थोर जैन पंडित होऊन गेले. त्यांनी प्राकृत भाषेचे व्याकरण लिहिले. त्यात एक नियम केवळ या एका गावाच्या नावासाठी आहे. 'अचलपूर' या शब्दात च आणि ल आपापल्या जागा बदलतात, असे तो नियम सांगतो. म्हणजे अचलपूरचे होते अलचपूर. पुढे अलचपूरचे अळजपूर आणि एलिचपूर होण्यास कितीसा वेळ लागणार?

बोलताना अक्षरांची अशी अदलाबदल आपणही करतो. कोणी 'मतलब' म्हणता म्हणता 'मतबल' म्हणतो, कोणी लखनौला 'नखलौ' म्हणतो. आपण त्याला हसतो. पण आठशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातील लोकांनी हेच केले, आणि एका मोठ्या पंडिताला त्यासाठी नियम लिहावा लागला! मला विचाराल तर एल राजापेक्षा जागा बदलणारी ही दोन अक्षरे मला अधिक खरी वाटतात.

गाव मात्र हेमचंद्रांच्याही आधीचे आहे. अचलपूरजवळ चम्मक नावाचे खेडे आहे. तेथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली राजाज्ञा. हा ताम्रपट पाचव्या शतकातील आहे. त्यात या खेड्याचे दान ब्राह्मणांना दिल्याची नोंद असून खेड्याचे नाव 'चर्मांक' असे आहे. चर्मांकचे चम्मक झाले, पण दीड हजार वर्षांत नाव पुसले गेले नाही.

पुढे येथे बहमनी सुलतानांचे राज्य आले. १४२५ च्या सुमारास सुलतान अहमदशहा वली याने अचलपूरला बराच काळ मुक्काम केला आणि गाविलगड व नरनाळा हे सातपुड्यातील दोन किल्ले मजबूत करून घेतले. बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फत्हुल्ला इमाद-उल-मुल्क १४९० च्या सुमारास स्वतंत्र झाला. त्याची हकीकत विलक्षण आहे. तो विजयनगरच्या मुलखातील हिंदू घरात जन्मला. लहानपणी लढाईत कैद होऊन वऱ्हाडात आला, मुसलमान झाला, शिकला, शिपाईगिरी केली आणि शेवटी राजा झाला. त्याच्या घराण्याला इमादशाही म्हणतात. अचलपूर ही या घराण्याची राजधानी होती. १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही जिंकली आणि १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेले.

आता गाव पाहू या. अचलपूरला एकेकाळी तटबंदी होती. तटाचे काही दरवाजे अजून उभे आहेत. त्यांतील दुल्हा दरवाजा विशेष प्रसिद्ध आहे. बिच्छन नदीच्या काठी शाह अब्दुल रहमान गाझी यांचा दर्गा आहे. लोक त्यांना दुल्हा रहमान शाह म्हणतात. दर्ग्याची इमारत बहमनी काळातील मानली जाते. येथे सर्व जातिधर्मांची माणसे येतात.

गावाबाहेर थोड्या अंतरावर हौज कटोरा आहे. हौज आणि कटोरा हे दोन्ही शब्द तुम्हांला समजावून सांगायला नकोत. पण नाव ऐकून जी कल्पना येते, तिच्यापेक्षा प्रत्यक्ष इमारत फार वेगळी आहे. एका मोठ्या गोल हौदाच्या मध्यभागी आठ बाजूंची, कमानींची, मजल्यांवर मजले असलेली इमारत उभी आहे. आज तिचे तीन मजले दिसतात. वर आणखी मजले होते आणि त्यांचे दगड नंतर कोणी काढून नेले, असे सांगतात. हौदात पाणी भरले की ही वास्तू पाण्यातून वर आल्यासारखी दिसत असेल. उन्हाळ्यात वऱ्हाडात ऊन कसे भाजते ते आपल्याला ठाऊक आहे. पाण्यावरून येणारा वारा कमानींतून खेळावा आणि आत बसलेल्याला गारवा मिळावा, ही तिच्यामागची साधी युक्ती. आठही बाजू उघड्या, म्हणजे वारा कोठूनही आला तरी आत शिरणारच.

अचलपूरला लागूनच परतवाडा आहे. तेथून घाट चढून चिखलदऱ्याला गेले की गाविलगड येतो. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला. गाविलगडच्या दिल्ली दरवाजावर वाघसिंहांच्या आकृती आहेत आणि गंडभेरुंड आहे. गंडभेरुंड म्हणजे दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी. त्याने पंज्यांत हत्ती धरलेले दाखवतात. हे चिन्ह विजयनगरचे. फत्हुल्लाचा जन्म तिकडचा होता, हे आठवले की दरवाजावरच्या या पक्ष्याकडे आपण जरा थांबून पाहतो.

आणि येथेच तुमचे काम सुरू होते.

वऱ्हाडातील किल्ल्यांच्या, मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या दारांवर अनेक ठिकाणी अरबी-फारसी शिलालेख आहेत. येणारा माणूस वर पाहतो, 'काहीतरी लिहिले आहे' असे म्हणतो आणि पुढे जातो. कोणी म्हणतो, यात खजिन्याची जागा सांगितली आहे. मग एखादा वेडा पहार घेऊन दगड उकरतो आणि लेखच फोडून टाकतो. खजिन्याचा पत्ता दरवाजावर कोण लिहील? तेथे बहुधा तीनच गोष्टी असतात: देवाचे नाव, बांधणाऱ्याचे नाव आणि साल. तुम्ही रोज जी लिपी वाचता, तिच्याच घराण्यातील ही अक्षरे आहेत. हजारो लोकांना ती केवळ नक्षी वाटते. तुम्हांला तिच्यातील निदान एक-दोन शब्द तरी लागतील.

याचे उत्तम उदाहरण अकोला जिल्ह्यात आहे. अचलपूरहून अंजनगाव सुर्जीवरून अकोटकडे जावे. अकोटच्या उत्तरेस डोंगरात नरनाळा किल्ला आहे. पायथ्याच्या शहानूर गावी वनखात्याची परवानगी घेऊन वर जावे लागते, कारण हा भाग जंगलाचा आहे. किल्ल्याचा महाकाली दरवाजा पाहिला की डोळे तृप्त होतात. पांढरट दगड, त्यावर कमळे, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसाठी सज्जे आणि दगडी जाळ्या. कमानीच्या वर लेखाची लांब पट्टी आहे. त्यात बहमनी सुलतान महमूदशहा याचे नाव आहे आणि हिजरी ८९२ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १४८७. दरवाजाला देवीचे नाव, कमानीवर कुराणाची अक्षरे आणि दगडात कमळे. बांधणाऱ्यांना आणि नाव देणाऱ्यांना यात काही विसंगत वाटले नाही.

ही अक्षरे कोरलेली नाहीत, ती उठावाची आहेत. म्हणजे कारागिराने अक्षराच्या आजूबाजूचा दगड काढून टाकला आणि अक्षर वर ठेवले. आधी खुशनवीस, म्हणजे सुंदर अक्षर लिहिणारा, मजकूर काढून देत असे. मग पाथरवट छिन्नीने भोवतालचा दगड खोदत असे. पाथरवटाला ती भाषा येतच असेल असे नाही. तरी एक नुक्ता चुकला तर अर्थ बदलतो, हे त्याला माहीत असले पाहिजे. एका लेखामागे असे दोन हात असतात.

शिलालेख वाचणे वर्तमानपत्र वाचण्याइतके सोपे नाही. अक्षरे एकमेकांवर चढलेली असतात, नुक्ते जागा मिळेल तेथे दिलेले असतात. म्हणून आधी ओळखीचा शब्द शोधावा. अल्लाह, मुहम्मद, शाह, सुलतान, सन यांपैकी काहीतरी सापडतेच. सकाळी किंवा संध्याकाळी जावे. ऊन तिरपे पडले की उठावाची अक्षरे सावलीमुळे स्पष्ट दिसतात. भर दुपारी तीच अक्षरे सपाट वाटतात. अक्षरांवर खडू घासू नये, तेल लावू नये, रंग तर मुळीच नको. छायाचित्र घ्यावे, वहीत अक्षरे उतरवावीत आणि शाळेत सरांना किंवा घरी आजोबांना दाखवावीत.

कधी कधी साल आकड्यांत नसतेच. ते शब्दांत लपवलेले असते. याला अबजदची पद्धत म्हणतात. प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. अलिफ १, बे २, जीम ३, आणि रे २००. 'बुर्ज' हा शब्द घ्या. बे, रे, जीम यांची बेरीज २०५ होते. ७८६ हा आकडा तुम्ही किती ठिकाणी पाहिला असेल! तो याच पद्धतीने 'बिस्मिल्लाह'च्या पूर्ण वाक्याच्या अक्षरांची बेरीज करून मिळतो. जुने कवी इमारत बांधली की अशी ओळ रचत, की तिच्या अक्षरांची बेरीज केली म्हणजे बांधकामाचे हिजरी साल निघावे. गणित आणि कविता एकाच दगडावर.

नरनाळ्याहून खाली उतरून अकोट, अकोला असे करत पश्चिमेस निघाले, की अकोल्यापासून सुमारे २६ किलोमीटरवर बाळापूर येते. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळ हे गाव आहे. बाळादेवीच्या मंदिरावरून गावाचे नाव पडले. अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बाळापूरची नोंद केली आहे. येथील दोन नद्यांच्या काठी तऱ्हेतऱ्हेचे सुंदर दगड सापडतात आणि लोक ते कापून, घासून जपून ठेवतात, असे तो सांगतो. वऱ्हाडातील काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अकीक आणि गारगोट्या असतात. खडक झिजला की त्या नदीत येऊन पडतात. अकीकाच्या अंगठ्या तुम्ही पाहिल्याच असतील.

बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केला आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ साली पूर्ण केला. डोंगरी किल्ले पाहणाऱ्याला याचे नवल वाटते, कारण हा किल्ला मुख्यतः विटांचा आहे. तट उंच, विटा पक्क्या आणि दरवाजे एकामागे एक. पहिला दरवाजा फोडून आत आलेला शत्रू दोन तटांच्या मध्ये सापडावा, अशी ही रचना. पूर्वी पावसाळ्यात नद्यांना पूर आला की पाणी एक बाजू सोडून सर्व बाजूंनी किल्ल्याला वेढा घाली. खंदक खणण्याचे अर्धे काम नदीच करत असे! किल्ला पूर्ण होण्यापूर्वी १७२० साली याच गावाजवळ निजाम-उल-मुल्कने सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अलीखान याचा पराभव केला. त्यानंतर काही वर्षांतच हैदराबादच्या निजामाचे राज्य उभे राहिले.

नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. हे तेच जयसिंग, ज्यांच्याबरोबर शिवाजी महाराजांनी १६६५ साली पुरंदरचा तह केला. १६६७ साली बऱ्हाणपूरला त्यांचे निधन झाले. छत्री म्हणजे खांबांवर घुमट असलेली उघडी वास्तू. पुराच्या पाण्याने मागे तिच्या पायाला धक्का बसला होता, तरी ती उभी आहे. संध्याकाळी येथे वारा चांगला असतो.

आता सतरंजीकडे वळू. इमारती पाहून झाल्या की प्रवासी परत फिरतात. पण बाळापूर, अकोट, अकोला या भागाची खरी ओळख बराच काळ सतरंजीने ठेवली. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असे म्हणतात. ते सोने म्हणजे कापूस. जेथे कापूस, तेथे सूत, आणि जेथे सूत, तेथे विणकर.

शब्दच पाहा. संस्कृतात 'चतुरंग' नावाचा खेळ होता. तो इराणात गेला आणि 'शतरंज' झाला. शतरंजच्या पटासारखे चौकोन ज्या कापडावर, ती शतरंजी. मराठीने तिला सतरंजी केले. तुम्ही घरी तिला दरी म्हणता. शब्द इराणपर्यंत जाऊन परत आला आणि वऱ्हाडात जमिनीवर पसरला.

सतरंजीचा माग जमिनीलगत आडवा असतो. दोन जाड लाकडी दांड्यांमध्ये पीळ दिलेले मजबूत सूत उभे ताणून बांधतात. हा ताणा. त्यातून आडवे रंगीत सूत घालतात, तो बाणा. उर्दूत तुम्ही 'ताना-बाना' म्हणता, मराठीत 'ताणाबाणा'. ताण्याचे धागे एकाआड एक खाली-वर होतात. मधून बाण्याचे सूत हाताने ओवायचे आणि लगेच लोखंडी पंज्याने ठोकून बसवायचे. पंजा हा हाताच्या बोटांसारखा दात असलेला जड हातोडा असतो. ठोके असे बसले पाहिजेत, की ताण्याचे पांढरे सूत वरून मुळीच दिसू नये. पंजा हलका पडला तर सतरंजी सैल होते आणि वर्षभरात तिचे धागे निघू लागतात. जोरात पण वाकडा पडला तर काठ नागमोडी होतात. सतरंजी रुंद असली तर दोघे-तिघे विणकर शेजारी बसतात. तेव्हा सर्वांचे ठोके सारखे पडावे लागतात, नाहीतर एका बाजूची वीण घट्ट आणि दुसऱ्या बाजूची सैल होते. सकाळपासून काम केले तरी दिवसाअखेर विणलेला भाग पाहून आपल्याला वाटते, एवढाच?

रंग पूर्वी झाडांचे असत. निळा नीळ या झुडपाचा, लाल आल या झाडाच्या मुळीचा. आल वऱ्हाडात पिकत असे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारखान्यातले रंग आले आणि आल मागे पडली.

चांगली सतरंजी ओळखावी कशी? ती उलटून पाहावी. खऱ्या हातमागाच्या सतरंजीला सुलटी-उलटी बाजू नसते, दोन्हीकडे नक्षी सारखीच दिसते. मग ओले फडके रंगावर घासावे. फडक्याला रंग लागला तर ती घेऊ नये. नंतर घडी घालावी. दोन्ही काठ एकमेकांवर बरोबर बसले, तर विणकराचा हात सरळ आहे.

लग्नाचा मांडव, उरुसाची कव्वाली, भजन, मुशायरा, पंगत, शाळेच्या वर्गातील बसायच्या पट्ट्या, या सर्वांच्या खाली हीच सतरंजी असे. आता मांडववाले यंत्रावरचे गालिचे अंथरतात आणि घरात प्लॅस्टिकच्या चटया आल्या आहेत. त्या स्वस्त आहेत, धुवायला सोप्या आहेत. घेणाऱ्याला दोष देता येत नाही. पण एक सतरंजी विणायला लागणारे दिवस मोजले आणि तिला मिळणारी किंमत त्यांनी भागली, तर विणकराचा मुलगा मागावर का बसत नाही ते लगेच समजते. माग पूर्वीपेक्षा फार कमी झाले आहेत. जे चालू आहेत ते बघायला जाल तेव्हा आत विचारून जा, सुतावर पाय देऊ नका आणि विणकर ओळ मोजत असेल तर ती पूर्ण होईपर्यंत प्रश्न विचारू नका. विणताना मधली ओळ चुकली, तर तिच्यापर्यंतचे सगळे उसवावे लागते.

सतरंजी पुरी झाली की मागावरून कापतात. टोकांना ताण्याचे सूत मोकळे लोंबत असते. त्याच्या चार-चार धाग्यांच्या गाठी मारतात, म्हणजे वीण सुटत नाही. त्या गाठी बहुतेक वेळा घरातील बायका आणि मुले दारात बसून मारतात. कारागिराचे नाव सतरंजीवर कोठेच नसते. महाकाली दरवाजावर सुलतानाचे नाव आहे, तेही दगड फोडणाऱ्याचे नाही.

स्वाध्याय

१. 'अलचपूर' हा शब्द कसा तयार झाला? अशी अक्षरांची अदलाबदल झालेले आणखी दोन शब्द तुमच्या बोलण्यातून शोधा.

२. हौज कटोऱ्यात गारवा कसा मिळत असेल? चार-पाच वाक्यांत लिहा.

३. अबजदच्या पद्धतीने तुमच्या स्वतःच्या नावाची बेरीज करा.

४. ताणा, बाणा, पंजा, हौज, बुर्ज, दरवाजा हे शब्द मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत कसे वापरतात? प्रत्येकाचे मराठीत एक वाक्य करा.

५. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या दारावर, मशिदीवर, मंदिरावर किंवा विहिरीवर काही लिहिलेले आहे का? ते वहीत उतरवून घ्या आणि त्यातील वाचता आलेले शब्द मराठीत लिहा.

६. तुमच्या घरी किंवा शेजारी हातमागाची सतरंजी असेल तर ती पाठात सांगितल्याप्रमाणे तपासून पाहा आणि काय आढळले ते वर्गात सांगा.